आधी छप्पर, मग तोरण

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला अवघ्या ३६ धावांत गारद झालेला भारतीय संघ घेऊन अजिंक्य रहाणे याच मैदानावर उतरला. त्याने ११२ धावा काढल्या आणि भारताने सामना जिंकला. ती हकीकत दादर-डोंबिवलीच्या दिवाणखान्यांतून अजून रंगवून सांगितली जाते. पण मौज अशी, की ज्या मैदानाला आपण क्रिकेटचे माहेरघर समजतो, तेथे क्रिकेट हे उन्हाळ्यापुरते आलेले पाहुणे असते. मार्च उजाडण्याच्या सुमारास खेळपट्टी अख्खीच्या अख्खी उचलून बाहेर नेतात, आणि मग थेट सप्टेंबर संपेपर्यंत त्या हिरवळीवर राज्य चालते ते ‘फूटी’चे, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचे. मेलबर्नमध्ये राहावयास आलेल्या माणसाला पहिल्या महिन्याभरात दोन प्रश्न विचारले जातात: घर मिळाले का, आणि तुम्ही कोणत्या क्लबचे?

या खेळातल्या एका पडझड झालेल्या संघाची आणि त्याच्या पुनर्बांधणीची गोष्ट मला सांगावयाची आहे. गोष्ट खेळाची असली तरी तिच्यातला पेच आपल्या ओळखीचा आहे. घराला उतरती कळा लागली म्हणजे कर्त्या माणसापुढे दोन वाटा दिसतात. हातचे राखून, काटकसरीने, एक पैही वाया जाऊ न देता दिवस काढावेत. की उरलेसुरले भांडवल धंद्यात घालून एकदाची उडी घ्यावी? पहिल्या वाटेने माणूस बुडत नाही, पण वरही येत नाही. दुसऱ्या वाटेने एकतर वर येतो, नाहीतर पार बुडतो. मेलबर्न फुटबॉल क्लबपुढे कित्येक वर्षे हाच पेच होता. त्यांनी तो कसा सोडवला, आणि सुटलेला पेच पुन्हा कसा पडला, हे पाहण्यासारखे आहे.

खेळ तरी कसला?

१८५८ साली टॉम विल्स नावाच्या एका क्रिकेटपटूने वर्तमानपत्रात पत्र लिहिले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे जड होतात, तेव्हा एखादा फुटबॉलचा क्लब काढावा, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. पुढच्याच वर्षी, १८५९ साली, मेलबर्न क्लबच्या मंडळींनी या खेळाचे पहिले नियम कागदावर उतरवले. म्हणजे ज्या क्लबची ही कथा आहे, तो या खेळाच्या कुळातला मूळपुरुषच म्हणावयाचा.

खेळ असा. मैदान क्रिकेटचेच, म्हणजे लंबगोल, आणि चेंडूही लंबगोल. एकेका बाजूचे अठरा गडी. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू पार केला, की गोल आणि सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला, तर एक गुण. चेंडू हातात घेऊन धावता येते, पण दर पंधरा मीटरला तो एकदा जमिनीला टेकवावा किंवा आपटावा लागतो. हाताने फेकणे मना. एका तळव्यावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसा मारून तो सोबत्याकडे पाठवायचा. आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये असतो तसा ‘ऑफसाइड’चा बंधारा येथे नाही, छत्तीसच्या छत्तीस गडी मैदानभर वाटेल तेथे हिंडू शकतात. वीस-वीस मिनिटांची चार सत्रे, शिवाय वाया गेलेला वेळ वेगळा. एकेक गडी एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर सहज धावतो.

या सगळ्यात एक नियम असा आहे, की त्यावर आपल्या कथेचा सारा डोलारा उभा आहे. पंधरा मीटर किंवा त्याहून लांबून लाथाडलेला चेंडू कोणी अधांतरी अचूक झेलला, तर त्याला ‘मार्क’ म्हणतात. मार्क घेणाऱ्याला प्रतिपक्षाने हात लावावयाचा नाही. तो चार पावले मागे जाणार, इकडेतिकडे पाहणार आणि मग शांतपणे चेंडू पुढे पाठवणार. हुतुतूत पाटीला पाय लावून परत आलेला गडी जसा क्षणभर निर्धास्त होतो, तसा हा निर्धास्तपणा.

राखणे आणि झेपावणे

आता एखाद्या धूर्त प्रशिक्षकाने काय करावे? त्याने आपल्या गड्यांना सांगावे, की घाई करू नका. आडवा चेंडू द्या, वाटल्यास मागे द्या, मोकळ्या सोबत्याला शोधा, त्याने मार्क घ्यावा आणि पुन्हा तेच करावे. चेंडू आपल्या हाती आहे तोवर समोरच्याला गोल करता येत नाही, हे साधे गणित. चेंडू राखण्याची नीती ती हीच. तिचा गुण असा, की दमलेल्या संघाला दम खाता येतो आणि चुका कमी होतात. तिचा दोष असा, की आपण सावकाशीने चेंडू खेळवत असताना प्रतिपक्षाचे अठराही गडी मागे सरकून आपल्या गोलासमोर भिंत उभी करतात. मग शेवटी चेंडू पुढे पाठवलाच, तर तो गर्दीत पडतो. पगार कडीकुलपात ठेवल्यासारखेच हे; चोरी होत नाही, पण व्याजही मिळत नाही.

दुसरी नीती झेपावण्याची. चेंडू मिळाला रे मिळाला, की मैदानाच्या ऐन मधून मुठीने देत-घेत पुढे धावत सुटायचे. समोरची भिंत उभी राहण्याआधीच गोल गाठायचा. पाहणाऱ्याचे डोळे दिपून जातात. पण धावत सुटलेल्या गड्याच्या हातून मध्यावर चेंडू निसटला, तर त्याचे सारे सोबती पुढे गेलेले असतात आणि मागे दार सताड उघडे! या खेळात कितीतरी गोल असे चेंडू हिसकावून घेण्यातूनच होतात. म्हणजे झेपावणारा संघ आपल्याच खिशातून प्रतिपक्षाला भांडवल पुरवीत असतो.

मुरलेल्या संघाला या दोहोंतला तोल सांभाळता येतो. पेच पडतो तो पोरसवदा संघाला. ऑस्ट्रेलियात तळाच्या क्लबला पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंतून पहिली निवड करण्याचा मान मिळतो, आणि कोणत्याही क्लबने खेळाडूंवर किती पैसा खर्च करावा याची मर्यादा लीगने ठरवून दिलेली असते. म्हणजे पैशाच्या थैल्या ओतून रातोरात संघ उभारण्याची सोय नाही. अठरा-एकोणीस वर्षांची मुले घ्यायची आणि ती वाढेपर्यंत वाट पाहायची. त्यांची अंगे भरलेली नसतात, लाथ अजून अचूक नसते, शेवटच्या सत्रात पाय उचलत नाहीत. त्यांना झेपावयास सांगावे, तर ती शंभर गुणांनी हरतात. राखावयास सांगावे, तर हरतात थोडक्यात, पण खेळातला जीवच जातो. आणि पैसे भरून सभासद झालेला प्रेक्षक दोन्ही प्रकारांनी चिडतो.

सत्तावन्न वर्षांचा उपास

मेलबर्न क्लबने १९५५ ते १९६४ या दहा वर्षांत सहा अजिंक्यपदे मिळवली. प्रशिक्षक होते नॉर्म स्मिथ. पुढच्याच, म्हणजे १९६५ च्या, हंगामात क्लबच्या कारभाऱ्यांनी त्यांना मध्येच बडतर्फ केले. ओरड झाली तेव्हा काही दिवसांतच परत बोलावले. पण घडी विसकटली ती विसकटलीच. त्यानंतर क्लबला जे ग्रहण लागले, त्याला लोक ‘नॉर्म स्मिथचा शाप’ म्हणू लागले. १९८८ आणि २००० साली महाअंतिम सामन्यापर्यंत मजल गेली. दोन्ही वेळा दारुण पराभव पदरी पडला.

खरा रसातळ पुढेच होता. २००८ आणि २००९, लागोपाठ दोन वर्षे संघ तळाला राहिला. ३० जुलै २०११ रोजी जिलाँगच्या मैदानावर त्यांच्याविरुद्ध २३३ गुण झाले. मेलबर्नचे स्वतःचे ४७. फरक १८६ गुणांचा! प्रशिक्षक डीन बेली यांची नोकरी त्यानंतर दोन-तीन दिवसही टिकली नाही. २००९ च्या हंगामात चांगली निवड मिळावी म्हणून क्लब मुद्दाम हरला काय, याची चौकशी झाली. तो आरोप सिद्ध झाला नाही, पण अधिकाऱ्यांच्या वर्तनाबद्दल २०१३ साली क्लबला पाच लाख डॉलरचा दंड बसला. त्याच वर्षी बावीस सामन्यांपैकी संघाने जिंकले दोन, आणि नवे प्रशिक्षक मार्क नील्ड यांनाही हंगामाच्या मध्यात निरोप मिळाला.

या काळातली एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. २००९ च्या अखेरीस तळाच्या क्लबला पहिली आणि दुसरी, अशा दोन्ही निवडी मिळाल्या. आले ते दोघेही गुणी. त्यांतला पहिला, टॉम स्कली, दोन वर्षांत नव्या क्लबकडे निघून गेला. दुसरा, जॅक ट्रेंगोव्ह, याला २०१२ साली संयुक्त कर्णधार केले, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. या लीगच्या इतिहासात इतक्या लहान वयाचा कर्णधार झाला नव्हता. पुढे पायाच्या दुखापतीने त्याची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली. बुद्धिमान मुले घरात आणली, म्हणजे घर सावरते असे नाही. छप्पर गळत असले, तर त्यांचीही पुस्तके भिजतात.

आधी छप्पर

२०१३ च्या अखेरीस क्लबने पॉल रूस यांना आणले. रूस यांनी २००५ साली सिडनीच्या संघाला बहात्तर वर्षांनी अजिंक्यपद मिळवून दिले होते. महाअंतिम सामन्याचे गुण होते ५८ विरुद्ध ५४. म्हणजे गोल मोजकेच, आणि प्रत्येक गोलासाठी घाम गाळलेला. तो खेळ डोळ्यांना सुखावणारा नव्हता. लीगच्या मुख्याधिकाऱ्यांनीच त्या वर्षी त्यावर जाहीर टीका केली होती. पण रूस हे टीकेने विचलित होणारे गृहस्थ नव्हेत.

मेलबर्नला आल्यावर त्यांनी प्रथम छप्पर शाकारावयास घेतले. चेंडू राखा, धोका पत्करू नका, चेंडू गेला, की सर्वांनी मागे या. तेवढाच मंत्र. २०१३ साली संघावर दर सामन्यास सरासरी १२० हून अधिक गुण होत होते. २०१४ साली ते नव्वदीच्या आसपास आले. स्वतःचे गुण मात्र वाढले नाहीत, उलट थोडे घटलेच. विजय झाले चार. प्रेक्षागारात जांभया ऐकू येत.

त्या हंगामात माझ्या शेजारच्या बाकावर एक वृद्ध सभासद बसत. गळ्यात लाल-निळा लोकरी पट्टा, मांडीवर डब्यातली सँडविचेस. १९६४ चा विजय त्यांनी वडिलांचा हात धरून पाहिला होता. एकदा मी न राहवून म्हटले, “असला खेळ पाहून तुम्हाला कंटाळा येत नाही का?” ते म्हणाले, “कंटाळा? गेली सात वर्षे मी दर शनिवारी लाज घेऊन घरी जातो आहे. आता नुसता कंटाळा घेऊन जातो. ही प्रगती नव्हे काय?” त्या बोलण्यातले मर्म मला पुढे कळले. सवयीने हरणाऱ्या माणसाला प्रथम जिंकावयास शिकवता येत नाही. प्रथम त्याला न कोसळावयास शिकवावे लागते. अर्ध्या तासात शंभर गुणांनी मागे पडणारा पोरगा काही शिकत नाही; शेवटच्या सत्रापर्यंत सामन्यात टिकलेला पोरगा मात्र पराभवातूनही चार गोष्टी उचलतो.

चार विजयांचे सात झाले, सातांचे २०१६ साली दहा झाले. दरम्यान ख्रिश्चन पेट्राका, क्लेटन ऑलिव्हर अशी तरणीबांड पोरे आली. मॅक्स गॉन नावाचा सहा फूट दहा इंचांचा गडी गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रियांतून सावरून उभा राहिला. रूस यांनी आणखी एक शहाणपणाचे काम केले. आपण तीनच वर्षे राहणार असे ठरवून, आपल्या हयातीतच वारस नेमला. सायमन गुडविन हे त्यांच्या हाताखाली दोन हंगाम राहिले आणि २०१७ साली त्यांच्या हाती घराच्या किल्ल्या आल्या. सासूने धडधाकट असताना, आपणहून, हसतमुखाने किल्ल्या दिल्याची उदाहरणे आपल्याकडेही विरळाच!

मग तोरण, पण घाईने

गुडविन यांचा पिंड वेगळा. त्यांनी त्या सावध पोरांचे लगाम सैल सोडले. बचावाचे गडीसुद्धा मध्यापर्यंत पुढे सरकले. चेंडू मिळताच झेप. २०१७ साली बारा विजय मिळाले आणि टक्केवारीच्या अर्ध्या गुणाने अंतिम फेरी हुकली. २०१८ साली हा संघ साऱ्या लीगमध्ये सर्वांत जास्त गुण करणारा ठरला. बारा वर्षांनी अंतिम फेरीत शिरला, दोन सामने जिंकला, आणि पर्थला वेस्ट कोस्टच्या संघासमोर उभा राहिला. तेथे पूर्वार्धात मेलबर्नला एकही गोल करता आला नाही. पराभव ६६ गुणांनी.

ज्यांनी बाहेरून पाहिले त्यांना तो एक वाईट दिवस वाटला. पण २०१९ साली तो वाईट दिवस वर्षभर चालला. शस्त्रक्रिया, दुखापती हे तर होतेच. शिवाय लीगने नवा नियम आणला. मध्यावर चेंडू टाकताना प्रत्येक संघाने सहा गडी पुढे, सहा मध्ये, सहा मागे ठेवलेच पाहिजेत. गोल आटत चालले, खेळ गर्दीचा झाला, म्हणून ही तजवीज. प्रतिपक्षांनी आता मेलबर्नच्या पुढे सरकलेल्या बचावाच्या डोक्यावरून चेंडू मागच्या मोकळ्या अंगणात टाकावयास सुरुवात केली. अठरा संघांत सतरावा क्रमांक आणि केवळ पाच विजय. तोरण झोकात बांधले होते, पण ते बांधताना छपरावर चढलेल्या मंडळींनी कौलेच फोडून ठेवली होती!

कोणी म्हणेल, मग झेपावणे हेच चुकीचे. तसे नाही. याच शहरातल्या रिचमंड क्लबचे उदाहरण पाहा. २०१६ साली तो संघ सावकाश, चेंडू राखून खेळत असे. शेवटच्या सामन्यात सिडनीने त्यांना ११३ गुणांनी धुतले, क्रमांक तेरावा. प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांची उचलबांगडी होणार अशी हवा होती. क्लबने त्यांना ठेवले, आणि त्यांनी खेळच उलटा केला. नेटकेपणा गेला खड्ड्यात. चेंडू काहीही करून पुढे ढकला, मुठीने ढकला, पायाने ढकला, आणि पडेल तेथे चपळ पोरांनी तुटून पडा. २०१७ साली याच संघाने १९८० नंतरचे पहिले अजिंक्यपद मिळवले. मागाहून २०१९ आणि २०२० चीही भर पडली. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की रिचमंडचे घर पडलेले नव्हते. त्याआधी लागोपाठ तीन वर्षे तो संघ अंतिम फेरीत खेळला होता. भिंती शाबूत होत्या, फक्त खिडक्या बंद होत्या. त्यांना उघडण्याचा सल्ला लागू पडला. भिंती नसलेल्या घराला तोच सल्ला दिला असता, तर? वैद्याने औषध सांगण्याआधी नाडी का पाहावी, ते यातून कळते.

दोन्ही हात

गुडविन यांनी २०१९ नंतर रूस यांचा वारसा पुन्हा उघडून पाहिला. मात्र ते परत चेंडू राखण्याच्या मागे लागले नाहीत, आणि येथेच त्यांचे कसब दिसते. स्टीव्हन मे आणि जेक लिव्हर हे दोन बचावपटू इतर क्लबांतून आणलेले होते. त्यांचे काम गोल अडवणे एवढेच नव्हे, तर प्रतिपक्षाने पुढे पाठवलेला चेंडू अधांतरी झेलून तेथूनच आपली चढाई सुरू करणे. आपला चेंडू पुढे न्यावयाचा तो मैदानाच्या मधून नव्हे, तर कडेकडेने, लांब लाथेने, जेथे उंचपुरा गॉन उभा असे. त्याने झेलला तर उत्तमच. न झेलला तर चेंडू बहुधा रेषेबाहेर जाणार, खेळ थांबणार, आणि चेंडू पुन्हा गॉनच्याच डोक्यावर टाकला जाणार. तेथे पेट्राका, ऑलिव्हर ही दांडगी मंडळी वाट पाहात उभी.

म्हणजे काय झाले पाहा. चेंडू प्रत्येक क्षणी आपल्या हातातच असला पाहिजे, हा हट्ट त्यांनी सोडला. परंतु तो आपल्याला सोयीच्या जागी असला पाहिजे, हा हट्ट धरला. चेंडूऐवजी त्यांनी जमीन राखली. गड राखून मग स्वारीला निघण्याची ही रीत मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये.

२०२१ साली त्या वर्षीच्या साखळी सामन्यांत मेलबर्नविरुद्ध सर्वांत कमी गुण झाले. बावीस सामन्यांत सतरा विजय, एक बरोबरी. शेवटच्या साखळी सामन्यात जिलाँगमध्ये, जेथे दहा वर्षांपूर्वी १८६ गुणांची नामुष्की झाली होती त्याच मैदानावर, संघ ४४ गुणांनी मागे होता. खेळ संपल्याचा भोंगा वाजल्यावर गॉनने लाथ मारली आणि गोल झाला. अव्वल स्थान मेलबर्नचे!

महाअंतिम सामना २५ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. कोरोनाच्या साथीने मेलबर्न शहर टाळेबंदीत होते, म्हणून सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला गेला. तिसऱ्या सत्रात मेलबर्नचा संघ वेस्टर्न बुलडॉग्जच्या १९ गुणांनी मागे पडला. जुना संघ असता तर येथेच कोसळला असता. या संघाचे छप्पर पक्के होते. तो कोसळला नाही. थांबला, आणि मग लगाम सोडून असा सुटला, की सामना संपला तेव्हा फलकावर १४० विरुद्ध ६६ गुण होते. १९ गुणांची पिछाडी ते ७४ गुणांची आघाडी! २०१८ ची झेप आणि २०१४ ची चिकाटी त्या एका तासात हातात हात घालून धावली. सर्वोत्तम खेळाडूचे पदक पेट्राकाला मिळाले. त्या पदकाचे नाव काय असावे? नॉर्म स्मिथ पदक.

सत्तावन्न वर्षांचा उपास सुटला. पण पारणे फेडावयास घरची माणसे पंगतीत नव्हती. जन्मभर त्याच मैदानावर येणारे हजारो सभासद त्या संध्याकाळी आपापल्या घरांत अडकून होते. माझे शेजारी बाकवाले आजोबाही त्यांतलेच. मी फोन केला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाबा असते तर त्यांनाही घरातच बसावे लागले असते. तेव्हा आम्ही दोघे सोबतच पाहिला असे समजतो.”

आणखी एका माणसाची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. नेथन जोन्स २००६ साली या क्लबमध्ये खेळू लागला. लाजिरवाण्या पराभवांची सगळी वर्षे त्याने अंगावर झेलली. रूस यांच्या काळात कर्णधारपद सांभाळले. एकंदर ३०२ सामने खेळला. संघ अजिंक्य झाला त्या दिवशी तो मैदानावर नव्हता. पत्नीला जुळी होणार होती, म्हणून पर्थ सोडून तो घरी परतला होता. पाया भरणाऱ्याच्या नशिबी वास्तुशांतीचे जेवण असतेच असे नाही.

तोल ही वस्तू नव्हे

गोष्ट येथे संपवली असती, तर गोड झाली असती. परंतु खरी झाली नसती. २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षी संघ पहिल्या चारांत आला आणि अंतिम फेरीतले दोन्ही सामने हरून बाहेर पडला. २०२३ साली कॉलिंगवूडविरुद्ध चेंडू सामनाभर प्रतिपक्षाच्या गोलाभोवती घोटाळत होता. गुण झाले ५३, प्रतिपक्षाचे ६०. पुढचा सामना कार्लटनने दोन गुणांनी नेला. जमीन होती, पीक नव्हते. बचाव इतका अंगवळणी पडला होता, की झेपावण्याचे स्नायूच आखडले. प्रतिपक्षांनीही कडेकडेने जाणारी ती वाट ओळखून तेथे पहारे बसवले. २०२४ साली चौदावा क्रमांक आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, ज्याने सत्तावन्न वर्षांचा उपास सोडवला, त्या गुडविन यांनाच क्लबने निरोप दिला.

कृतघ्नपणा म्हणावा? तसे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला त्यातून निराळाच बोध होतो. राखणे आणि झेपावणे यांतला तोल ही एकदा बाजारातून आणून फडताळात ठेवण्याची वस्तू नव्हे. दोरीवरचा डोंबारी पाहा. तो स्थिर दिसतो, पण त्याच्या हातातली काठी क्षणभरही स्थिर नसते. पडझड झालेल्या संघाने आधी राखावे, यात मला शंका नाही. पण किती दिवस? पोरांच्या डोळ्यांतली भीती जाईपर्यंत. त्याहून एक दिवसही अधिक नाही. नंतर झेपावावे. किती? मागचे दार आपल्या नजरेच्या टप्प्यात राहील इतके. आणि हे दोन्ही साधले, असे वाटू लागेल त्या दिवशी पुन्हा नाडी पाहावी. कारण तोवर समोरच्याने आपली नाडी पाहून ठेवलेली असते.

शाप वगैरे काही नसते. चुका असतात, आणि त्या चुका निस्तरावयास लागणारा वेळ असतो. तो वेळ कोणाच्या वाट्याला तीन वर्षांचा येतो, कोणाच्या सत्तावन्न. दर शनिवारी डबा भरून, गळ्यात पट्टा बांधून जो तो वेळ काढतो, त्याला प्रेक्षक म्हणतात. आणि माझ्या मते क्लबाचे खरे छप्पर तेच.